भावोजींची सुशी

माझे भावोजी मूळचे रत्नागिरीचे, पण पोटापाण्यासाठी टोकियोत निशी-कासाईला स्थायिक झालेले. त्यांच्या आईनं मिरकरवाड्याच्या बंदरावर उभ्या जन्मात माशाचा पहिला भाव कबूल केला नाही. कल्ले उघडून बघायचे, बोटानं दाबायचं, ‘एवढ्याला?’ म्हणून चार पावलं पुढे जायचं आणि कोळणीनं हाक मारली की मान न वळवता थांबायचं. हे सगळं रक्तात घेऊन हा माणूस अशा देशात येऊन पडला, जिथे किंमत छापलेली असते आणि चार पावलं पुढे गेलं की दुकानदार मागून वाकून आभार मानतो!

मग भावोजींनी घड्याळाशी घासाघीस सुरू केली.

टोकियोच्या सुपरमार्केटांत सुशीचे तयार डबे त्याच दिवशी संपवायचे असतात. त्यामुळे संध्याकाळ झाली की एक माणूस लेबलं घेऊन येतो. आधी वीस टक्के, मग तीस आणि दुकान बंद व्हायच्या सुमाराला निम्मी किंमत. कुठल्या दुकानात हा माणूस किती वाजता येतो, हे भावोजींना त्याच्या बायकोपेक्षा नक्की ठाऊक. त्या वेळी फडताळापाशी उभं राहायचं नाही, असा अलिखित नियम आहे. सगळे आजूबाजूला टोफू न्याहाळत असतात. भावोजीही न्याहाळतात. टोफूवर छापलेलं ते इतकं मन लावून वाचतात, की परीक्षा घेतली तर पहिले येतील. एकदा मी भोळेपणानं डबा आधीच उचलायला गेलो, तर कानाशी कुजबुज झाली, “अरे ठेव, ठेव! अजून तीसवरच आहे.” निम्म्याचं लेबल लागलं आणि आम्ही वळेपर्यंत एका नाजूक आजीबाईंनी तो डबा टोपलीत टाकलासुद्धा. भावोजींनी कमरेत वाकून त्यांना नमस्कार केला. “मुरलेल्या आहेत,” मला म्हणाले.

पण स्वस्त मिळालं म्हणून काहीही उचलतील, तर ते भावोजी कसले. कल्ले बघता येत नाहीत, म्हणून ते डबा अलगद तिरका करतात. ट्यूनाखालून लालसर पाणी कोपऱ्यात जमलं, की डबा परत जागेवर. फ्रीजमधल्या थंडीनं भात टणक झालेला चालत नाही. निम्मी किंमत होईपर्यंत थांबावं तर भात वाळतो, आणि भात मऊ असताना घ्यावी तर पूर्ण पैसे पडतात. या पेचात त्यांच्या आयुष्यातल्या कितीतरी संध्याकाळी गेल्या आहेत.

नव्यानं आलेली आयटीतली मराठी पोरं त्यांच्याकडे सल्ल्याला येतात. दीक्षेचं पहिलं वाक्य ठरलेलं: “पैसे माशाचे द्यायचे, लाकडाचे नाहीत.” लाकूड म्हणजे गिंझातल्या महागड्या दुकानांमधला हिनोकीचा गुळगुळीत काउंटर. मग इतिहास. दोनशे वर्षांपूर्वी, टोकियोला एदो म्हणत तेव्हा, निगिरी सुशी ही रस्त्यावरच्या टपरीची वस्तू होती, आपल्या वडापावसारखी. उभ्याउभ्या खायची आणि कामाला लागायचं. म्हणून भावोजी अजूनही उभ्यानं खायच्या दुकानात जातात. तिथे ट्यूनाच्या चरबीदार पोटाकडे, म्हणजे ओतोरोकडे, ढुंकून बघत नाहीत. आधी मागवतात साबा. “बांगड्याचा चुलतभाऊ! मीठ आणि व्हिनेगर लावून ठेवलेला. यात आचाऱ्याचा हात कळतो. ओतोरो काय, कुणीही कापून ठेवावा.” साबा, आजी, इवाशी हे सगळे चंदेरी कातडीचे मासे तुलनेनं स्वस्त आणि कोकणी जिभेला ओळखीचे. त्यांची ही आवड चवीची की खिशाची, हे मी कधी विचारलं नाही.

त्यांचा आदर्श पुरुष म्हणजे योशिआकी शिराइशी. या गृहस्थानं बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहिल्या आणि 1958 साली ओसाकाजवळ फिरत्या पट्ट्यावरच्या सुशीचं पहिलं दुकान काढलं. “नोबेल द्यायला हवं होतं,” असं भावोजी गंभीरपणे म्हणतात. 2022 मध्ये त्यांच्या लाडक्या साखळीनं शंभर येनची ताटली बंद केली, तेव्हा घरात दोन दिवस सुतक होतं. उलट 2019 च्या जानेवारीत तोयोसूच्या मासळीबाजारातल्या लिलावात 278 किलोचा एक ट्यूना 33 कोटी 36 लाख येनला गेला, तेव्हा त्यांनी जेवणाच्या टेबलावरच हिशेब मांडला. “किलोला बारा लाख! आणि त्यात डोकं, काटा सगळं आलं बरं का!” जणू बिल त्यांनाच भरायचं होतं.

ताई शाकाहारी. काकडीची सुशी खाते आणि हे सगळं सोसते. “शंभर येन वाचवायला दोनशेचं तिकीट काढतात,” ही तिची कायमची तक्रार. त्यावर भावोजींचं उत्तर तयार असतं, “पास आहे.” पास ऑफिसच्या मार्गाचा, दुकान भलत्याच मार्गावर, हे ताई दर वेळी सांगते.

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मात्र तिनं ऐकलं नाही. गिंझाच. भावोजींनी आठवडाभर फोनवर बोटं फिरवली आणि विजयी मुद्रेनं जाहीर केलं, की रात्री तिप्पट घेणारं तेच दुकान, तोच आचारी, दुपारी जेवण स्वस्तात देतो. म्हणून लग्नाचा वाढदिवस भर बारा वाजता साजरा झाला. मीही होतो. ताईसाठी आधी कळवून वेगळी ताटली सांगितली होती. आचाऱ्यानं आमच्यापुढे एकेक निगिरी ठेवली. भात अंगाएवढा कोमट, बोटांत धरला तर टिकावा आणि तोंडात गेला की सुटावा असा. भावोजी गप्प. चौथी निगिरी साबाची आली. त्यांनी डोळे मिटले.

“कसं आहे?” ताईनं विचारलं.

“माशाचेच घेतायत,” ते म्हणाले. मग इकडेतिकडे बघून त्यांनी काउंटरवरून हळूच हात फिरवला. “लाकूडही बरं आहे गं.”