गाडी एकच, मग अडलंय कुठं?

सगळ्यांना एकच गाडी द्या आणि मग बघा कोण पुढं जातो. मोटार शर्यतीत याहून न्यायाची रीत मला माहीत नाही. तरीही हिंगोली जिल्ह्यातला एकही पोरगा या रीतीच्या आसपास पोचत नाही, याचा मला मनापासून राग आहे.

२०२३ साली फॉर्म्युला फोर इंडियन चॅम्पियनशिप सुरू झाली. एका माणसाची बैठक आणि उघडी चाकं, अशी ही गाडी. सगळ्यांचा सांगाडा फ्रान्सच्या मिगाल कंपनीचा आणि सगळ्यांचं इंजिन अल्पिनचं. इंजिनाला सील असतं. ते तुटलेलं दिसलं की मेहनत पाण्यात. शर्यत संपली की गाडी चालकासकट वजनात बसते का, हे काट्यावर तपासतात. टायरमधली हवा, पंखाचा कोन अशा मोजक्या गोष्टींनाच हात लावायची मुभा. पैसेवाल्याच्या पोराला जास्त ताकदीचं इंजिन विकत घेता येत नाही. बाकी राहतं ते चालवणाऱ्याचं डोकं आणि हात. त्यात चाकांवर मडगार्ड नाही. आपलं पुढचं चाक पुढच्या गाडीच्या मागच्या चाकाला घासलं तर गाडी हवेत उडू शकते, म्हणून इंच-इंच अंतर राखून भिडावं लागतं.

आपल्या भागातल्या माणसाला हे समजायला अवघड नाही. शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, सेकंदाच्या तुकड्यावरून हमरीतुमरी होते, वेगाची पारख आपल्या रक्तात आहे. पटाला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं १८ मे २०२३ला मान्यता दिली, आनंद झाला. पण पटात जोडी ज्याची त्याची. ज्याच्या गोठ्यात लाखालाखांचे बैल, त्याचं पारडं आधीच जड. समजा, सगळ्या धुरकऱ्यांना एकाच जातीची, एकाच वजनाची, एकसारखा खुराक खाल्लेली जोडी दिली, तर खरा धुरकरी कोण हे पहिल्याच दाणीत कळेल. फॉर्म्युला फोर म्हणजे तेच.

हे स्वस्तात करता येतं, हे कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी फार आधी दाखवलं. गिरणीवाल्या घराण्यातला हा माणूस. मारुती ८००चं इंजिन एका बैठकीच्या हलक्या सांगाड्यात बसवून त्यांनी फॉर्म्युला मारुती उभी केली. बाजारात मिळणारं इंजिन, गल्लीतल्या मेकॅनिकला कळणारे सुटे भाग. १९९५ साली विमान अपघातात ते गेले. पण त्यांच्याच गाड्यांवर धावलेला नारायण कार्तिकेयन २००५ साली जॉर्डन संघातून भारताचा पहिला फॉर्म्युला वन चालक झाला. आजही कोइम्बतूरच्या ट्रॅकला करिवर्धन यांचं नाव आहे. तिथं धावणाऱ्या एलजीबी फॉर्म्युला फोर गाड्यांतलं एलजीबी म्हणजे एल. जी. बालकृष्णन अँड ब्रदर्स, रोलॉन चेन बनवणारी कंपनी. हिंगोलीत दुचाकीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात चेन-स्प्रॉकेट मागा, रोलॉनचा खोका समोर येईल. चेन आपल्यापर्यंत पोचली, शर्यत नाही पोचली.

आणि महाराष्ट्र? चाकण, पिंपरी, वाळूज, शेंद्रा, नाशिक. देशाला गाड्या आम्ही देतो. २०१०पासून फोक्सवॅगनचा पोलो कप झाला, गाडी चाकणच्या कारखान्याची, शर्यत मात्र चेन्नई, कोइम्बतूर आणि ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर. कार्टिंगचं, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतीचं बघितलं तर कोल्हापुरात मोहिते मंडळींनी स्वतःच्या जोरावर ट्रॅक आणि अकादमी केली. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये धावला, तीही एकसारख्या गाड्यांचीच मालिका. मुंबईचा जेहान दारूवाला फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाच्या २०११च्या शोधमोहिमेतून पुढं आला आणि डिसेंबर २०२०मध्ये साखीरला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. तमिळनाडू सरकारच्या क्रीडा प्राधिकरणानं हात दिला आणि २०२४मध्ये चेन्नईच्या रस्त्यांवर रात्रीची फॉर्म्युला फोर धावली. आमच्या क्रीडा खात्यानं निदान एवढं तरी करायला काय हरकत होती?

आपल्या दारातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ घ्या. अकोला, वाशीम, हिंगोली, नांदेड, देगलूर करत तो संगारेड्डीला, म्हणजे हैदराबादच्या वेशीला टेकतो. त्याच हैदराबादेत हुसेनसागराच्या काठी ११ फेब्रुवारी २०२३ला विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई धावली. एका सरळ रस्त्यावर जागतिक शर्यत आली नि आपल्या शाळांना सहल काढायचंही सुचलं नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सरकार बदललं आणि पुढच्या वर्षीची शर्यतच रद्द झाली. त्या हंगामात जेहान मासेराटीकडून फॉर्म्युला ईत होता. घरच्या मैदानावर त्याला बघायची संधी गेली ती गेलीच.

आता मुद्द्याचं. गाडी सगळ्यांना सारखी मिळते ती ट्रॅकवर. ट्रॅकपर्यंत जायचा रस्ता मात्र पैशानं बांधलाय. सात-आठ वर्षांचं पोर कार्टमध्ये बसतं. पंधरा पूर्ण झाली की फॉर्म्युला फोरचं दार उघडतं. त्या मधल्या वर्षांतली कार्ट, टायर, सराव आणि प्रवास, सगळा खर्च बापाच्या खिशातून, लाखांत. सेनगाव किंवा कळमनुरीचा हळद उत्पादक हा हिशोब ऐकूनच उठून जाईल. त्याचा पोरगा चढावर ट्रॅक्टरचा गिअर कसा पाडायचा हे बघून-बघून शिकलेला असतो, पण त्याची परीक्षा घ्यायला कुणी येत नाही.

मागणी छोटी आहे. जिल्हा क्रीडा संकुलाच्या बाजूला डांबरी पट्टा, एकाच कंपनीच्या दहा कार्ट, इंजिनांना सील आणि त्यांची देखभाल आयटीआयच्या पोरांकडे. दर महिन्याला पाचही तालुक्यांतल्या पोरांचा एक दिवस घड्याळ लावून. पहिल्या तिघांना कोल्हापूरपर्यंतचा प्रवासखर्च. पालकमंत्र्यांनी जिल्हा नियोजनाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. मी निवेदन तयार ठेवलंय, सही करायला या.