लांब पाठीची गाडी

स्टेशन वॅगन घ्यायची असं मी जाहीर केलं तेव्हा घरात कुणीही विरोध केला नाही, कारण ती काय असते हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

ठाऊक असायचं तसं कारणही नाही. आपल्याकडे ज्याने ज्याने ही गाडी विकायला काढली, त्याने काही वर्षांत मुकाट्याने दुकान आवरलं. टाटांनी १९९२ मध्ये ‘इस्टेट’ काढली, तीही इथे पुण्यातच. पॉवर स्टिअरिंग, पॉवर विंडो असा त्या काळात डोळे दिपवणारा थाट. पण रक्त टाटामोबाइल या मालवाहू पिकअपचं. मग मारुतीची बलेनो अल्तुरा आली, ओपेलची कोर्सा स्विंग आली, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी आली. २००४ मध्ये टाटांनी पुन्हा एकदा धीर करून इंडिगो मरीना आणली. लोकांनी या सगळ्यांचं तोंडभरून कौतुक केलं आणि घरी सुमो नेली.

मराठी माणसाला डिकी हवी असते, पण ती वेगळी हवी. गाडीच्या मागे बाहेर आलेली, शेजाऱ्याला दिसणारी, धाडकन आपटून बंद करता येणारी. सामान आणि सासरे एकाच काचेच्या आत बसलेत, हे दृश्य त्याला पटत नाही. सामान बसलेली गाडी टेम्पो, सासरे बसलेली गाडी फॅमिली कार. अधलंमधलं काही नको.

माझा हिशेब याच्या उलट होता. जी गाडी नवी असताना कुणाला नको होती, ती जुनी झाल्यावर मातीमोलच मिळणार. बजेट एक लाख, आणि त्यातच नावावर करायचा खर्च. अट एकच, गाडी रस्त्यात बसता कामा नये.

गरज मात्र खरी होती. सासरवाडी पवन मावळात. तिकडचा इंद्रायणी तांदूळ हा वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेला वाण, आणि तेव्हापासून तिथल्या प्रत्येक सासऱ्याला जावयावर माया करायचं हुकमी साधन मिळालेलं आहे. दिवाळी उलटली की आमचे सासरे पोती काढून ठेवतात. ‘नको’ म्हटलं की आणखी एक काढतात. आमच्या अल्टोत मागची सीट पाडली की दोन पोती बसतात, पण मग मुलं बसत नाहीत. एका वर्षी तर सासूबाईंनी दिलेले पापड, कुरडया आणि एक जिवंत कोंबडी धरून हिशेब केला, तेव्हा मला एसटीने पाठवायचं ठरत होतं.

गाडी शोधायला निघालो तेव्हा बरोबर मेव्हणा होता. मावळातल्या प्रत्येक गाडीचा जन्म, अपघात आणि थकलेले हप्ते त्याला तोंडपाठ. देहूरोडपासून खंडाळ्यापर्यंत कुठल्याही चहाच्या टपरीवर तो ‘आपलाच माणूस’ असतो. “दाजी, तुम्ही फक्त गप ऱ्हावा,” एवढी एकच सूचना देऊन तो माझ्या शेजारी बसला आणि आम्ही जुन्या हायवेने निघालो. सोमाटण्याच्या टोलनाक्याबद्दल त्याने जे मत व्यक्त केलं ते मावळातल्या सर्वपक्षीय मताशी तंतोतंत जुळणारं होतं. ते इथे छापता येणार नाही.

तळेगावात जुन्या गाड्यांच्या एका अड्ड्यावर झेंडे, माळा आणि चुन्याने काचेवर लिहिलेल्या किमती होत्या. एजंटने माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं.

“लांब. मागं काच. दार वर उघडणारं.”

“हो.”

“कोण आजारी हाय का घरात?”

मी नाही म्हणताच त्याने मला हाताला धरून एका शेवरोले बीटसमोर उभं केलं. “ही बघा. इथलीच पोरगी हाय. माहेर तळेगाव.” ते खरं होतं. जनरल मोटर्सने तळेगावात २००८ मध्ये कारखाना सुरू केला, २०१७ मध्ये भारतात गाड्या विकणं थांबवलं, २०२० च्या अखेरीस कारखानाही थांबवला, आणि पुढे तो ह्युंदाईकडे गेला. कंपनी गेली, गाड्या मात्र मावळातल्या वाड्यावस्त्यांवर नांदत राहिल्या.

“पार्ट मिळतात का पण?” मी गप्प राहायची अट मोडली.

“मिळत्यात की! दुसरी एक बीट घ्यायची आन् तिचं काढायचं.” दुसरी बीटही त्याच्याकडे होती. दोन्ही मिळून माझ्या बजेटात बसत होत्या.

वडगाव मी दोन वाक्यांत उरकतो, कारण तिथे पाहिलेली गाडी स्टेशन वॅगन नव्हती. ती मागचं काहीतरी तुटल्यामुळे तशी दिसत होती.

कामशेतच्या पुढे, हायवे सोडून आत, मेव्हण्याच्या ‘आपल्याच माणसा’च्या गोठ्याशेजारी मात्र साक्षात टाटा इस्टेट उभी होती. चाकं नव्हती, चार चिऱ्यांवर ती अशी ठाण मांडून बसली होती की रस्त्यात बसू नये ही माझी अट इथे आपोआप पाळली जात होती. मागचं मोठं दार उघडं. आत कडबा, कडब्यात बारा-पंधरा कोंबड्या आणि ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडा. एकेकाळी बटण दाबून खाली जाणारी काच अर्ध्यावर अडकलेली, तिच्यातून मान बाहेर काढून त्याने आमची चौकशी केली. मी आत डोकावलो. जागा म्हणाल तर अफाट! सहा पोती, सासूबाईंचं सगळं वाळवण आणि वर दोन माणसं आडवी झोपतील एवढी. मी मालकाला किंमत विचारली.

“नाय द्यायची,” ते म्हणाले.

“चालू नाही ना ती पण?”

“तुमची चालत आसंल. माझी रोज धा अंडी देती.”

यावर काही बोलण्यासारखं नव्हतं. मळवलीत रुग्णवाहिकेची नोकरी संपवून निवृत्त झालेली एक ओम्नी दाखवण्यात आली, सायरन फुकट. मेव्हण्याचा त्या सायरनवर जीव जडला होता. त्याला ओढून बाहेर काढावं लागलं.

लोणावळा मी शेवटी ठेवला होता, कारण माझा सगळा भरवसा तिथल्या बंगल्यांवर होता. मुंबईच्या शेटलोकांनी तुंगार्लीत बंगले बांधले, आणि मुंबईत जुनी झालेली प्रत्येक वस्तू त्या बंगल्यात आणून टाकली: सोफे, फ्रिज, टेबल-टेनिसची टेबलं, गाड्या. या गाड्यांची जाहिरात ठरलेली असते. सिंगल हँड, शेटची गाडी, शनिवारी बाजारापर्यंत जाते, रविवारी चिक्की आणून उभी राहते. ऐकायला गोड असतं. त्यात एक गोष्ट कुणी बोलत नाही, ती म्हणजे लोणावळ्याचा पाऊस. चार महिन्यांत चार हजार मिलिमीटरच्या पुढे जाणाऱ्या पावसात जी गाडी उभी असते, ती वापरलेली नसली तरी भिजलेली असते.

आम्ही बोलावलेला मिस्त्री लोणावळ्याचाच. त्याने एका बंगल्याच्या माळ्याला ताडपत्री काढायला सांगितली आणि आतून इंडिगो मरीना निघाली. मे २००५ ची, डिझेल, पासिंग ठाण्याचं. रंग मुळात चंदेरी असावा. काचांच्या रबराला हिरवंगार शेवाळ, आरशाच्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं, सीटवर पांढरी बुरशी. मागचं दार उघडून मिस्त्रीने फरशीचा पत्रा उचलला. स्टेपनीच्या खळग्यात बोटभर पाणी आणि त्या पाण्यातून वर आलेलं नेच्याचं एक रोप, दोन कोवळी पानं गुंडाळलेली.

“गार्डन फेसिंग,” मेव्हणा म्हणाला.

मिस्त्रीने आपल्या खिशातून स्पीकरमधलं लोहचुंबक काढलं आणि ते पत्र्यावर फिरवत निघाला. जिथे पत्रा होता तिथे ते टक्‌कन चिकटे. मागच्या डाव्या मडगार्डवर आलं आणि सरळ खाली पडलं. “पुट्टी,” तो म्हणाला, आणि वहीत पाच हजार कमी केले. मग त्याने एक गोष्ट केली जी मी कुठल्याही जाणकाराला करताना पाहिली नव्हती. पुढचा सीट बेल्ट त्याने ओढत ओढत शेवटपर्यंत बाहेर काढला आणि उन्हात धरून पट्ट्याचं टोक निरखलं.

“काय बघताय?”

“सव्वीस जुलै.”

गाडी ठाण्याची, २००५ च्या मे महिन्यातली. दोन महिन्यांनी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि हजारो गाड्या बुडाल्या. धुऊन पुसून त्यातल्या कितीतरी घाट चढून इकडे आल्या. माणूस सीट धुतो, गालिचा बदलतो, अत्तर मारतो. पण गुंडाळीत गेलेला सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर काढून कुणी धूत नाही. गाळाची रेघ तिथे राहते. आमच्या पट्ट्यावर रेघ नव्हती. मिस्त्रीने मान डोलावली, आणि मला एकदम त्या गाडीबद्दल माया वाटली.

दुसऱ्या गाडीची बॅटरी लावून मरीना चालू केली. आधी काळा धूर, मग पांढरा, मग नुसताच आवाज. मिस्त्रीने ऑइलचं झाकण काढून तिथे तळहात धरला. “बॅक मारत नाय,” तो म्हणाला. म्हणजे इंजिन अजून मरायला टेकलेलं नाही. मीटरवर अडतीस हजार किलोमीटर होते. गाडी दाखवणाऱ्या एजंटने त्या आकड्याकडे बोट दाखवून असा चेहरा केला की जणू तो त्याने स्वतः जपून वाढवला आहे.

“शेट चालवायचेच नाहीत हो. बाजारापर्यंत. तीसच्या वर काटा गेलेला नाही. चौकशी करा कुणाकडे.”

मेव्हण्याने चौकशी केली. त्याने मोबाइलवर गाडीचा नंबर टाकून थकलेली चलनं काढली.

एक्स्प्रेसवेवर २०२४ पासून कॅमेरे बसले आहेत. सपाटीला शंभर आणि घाटात साठ ही मर्यादा ओलांडली की चलन घरी येतं. शेटच्या घरी ती येत होती आणि पडून होती. सगळी शनिवारची. सगळी ओव्हरस्पीडची, एक सीट बेल्टचं सोडून. बेरीज बारा हजारांच्या वर. तीसच्या वर काटा न गेलेली गाडी एका पहाटे खालापूरजवळ एकशे चौदाने गेली होती.

एजंटने आभाळाकडे पाहिलं. मी “चला” म्हणून वळलो. तेवढ्यात मिस्त्रीने फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि एका चलनाचा फोटो मोठा करून पाहू लागला. “ही घाटातली हाय,” तो म्हणाला. “पुणे वाहिनी. म्हंजी चढ.” त्याने पुन्हा वाचलं. “चौऱ्याऐंशी.” मग फोटोतल्या मागच्या सीटवरची डोकी मोजली. “पाच माणसं. आन् काच बंद, म्हंजी एसी चालू.” त्याने फोन मेव्हण्याला परत दिला आणि माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाला, “मालक, वीस वर्सांची डिझेल गाडी एसी लावून घाटात चढाला चौऱ्याऐंशी पळती. घ्या. सर्टिफिकेट सरकारनी दिलंय.”

एरवी जुन्या गाडीबद्दल खरं सांगणारा माणूस सापडत नाही. मीटर मागे फिरवता येतो, सर्व्हिसची वही नवी लिहिता येते, डॉक्टरची गाडी म्हणून कुणाचीही खपवता येते. कॅमेऱ्याला कमिशन नसतं.

तरी आम्ही फेरी मारलीच, जुन्या रस्त्याने खोपोलीकडे खाली आणि परत वर. बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी मेव्हण्याने नाणं टाकलं. घाटाची वाट दाखवणाऱ्या त्या धनगराला इथून जाणारे ड्रायव्हर अजून नाणं टाकतात. विकत घ्यायच्या आधीच टाकणारा मेव्हणाच असावा. येताना दुसऱ्या गिअरवर गाडी कुरकुरली, पण तापली नाही. काटा मधोमध. वर आल्यावर ड्रायव्हरच्या बाजूची काच आपण होऊन खाली गेली आणि परत आली नाही. मिस्त्रीने वहीत आणखी दोन हजार कमी केले.

शेटशी सौदा फोनवर झाला. ते नव्वदवर अडून होते. मेव्हण्याने पुट्टी, नेचा, काच, टायमिंग बेल्ट, पुढच्या मे महिन्यात येणारं पासिंगचं नूतनीकरण आणि त्याची फी असा पाढा वाचला. शेट हलले नाहीत. मग त्याने तारीखवार चलनं वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या चलनापाशी पलीकडून एका बाईंचा आवाज आला, “हे कुठल्या शनिवारचं म्हणालात?” शेट एकदम पासष्टवर आले, चलनं स्वतः भरायला कबूल झाले, आणि हा विषय पुन्हा काढू नये अशी त्यांनी विनंती केली. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून कागद दुसऱ्याच दिवशी माळ्याच्या हाती आले. पिंपरी-चिंचवड आरटीओत गाडी माझ्या नावावर झाली. त्या कामात जे अनुभव आले ते सगळ्यांना येतात, म्हणून सोडून देतो.

दिवाळीनंतर मी मोठ्या तोऱ्यात मरीना घेऊन सासरवाडीला गेलो. अंगणात गाडीभोवती गाव जमलं. मी मागचं दार वर उचललं, सीट पाडली, आणि रिकामी, सपाट, झाडून काढलेली जागा सगळ्यांना दाखवली. सासऱ्यांनी वाकून आत पाहिलं. हाताने लांबी मापली. खूश झाले.

“एवढी जागा रिकामी नेणार?” ते म्हणाले, आणि घराकडे तोंड करून हाक मारली.

मागे सतरंजी अंथरली गेली. तिच्यावर चुलतसासूबाई बसल्या, कारण त्यांना चिंचवडला लेकीकडे जायचं होतं. मग त्यांच्या दोन नातवंडांना आजीबरोबर जायचं होतं, आणि तळेगाव वाटेतच असल्यामुळे मेव्हण्याचा एक मित्र. मधल्या सीटवर जे बसले त्यातले दोघे माझ्या ओळखीचे होते.

“आणि पोती?” मी विचारलं.

मेव्हणा दोर घेऊन टपावर चढला होता. “दाजी, वर सरकवा ना एकेक,” तो म्हणाला. “कॅरिअर लावून घेऊ पुढच्या येळंला.”