घोंगड्याची इशारा पातळी

माझ्या नावावर जमीन-जुमला नाही, पण भिजत पडलेली घोंगडी भरपूर आहेत. स्वयंपाकघरातला गळका नळ, रेशनकार्डावरचं चुकलेलं नाव, बरंच काही. "ह्यांचं म्हणजे भिजत घोंगडं," असं सौ. पाहुण्यांना सांगते आणि मीही मान डोलावतो. कोल्हापूरकराला त्यात लाज कसली? हायकोर्टाच्या बेंचचं घोंगडं चार दशकं भिजत होतं, ते ऑगस्ट 2025 मध्ये सर्किट बेंच सुरू झालं तेव्हा कुठं वाळलं, आणि शहराच्या हद्दवाढीचं तर 1972 साली महानगरपालिका झाली तेव्हापासून बादलीतच आहे. माझा नळ त्या मानानं कालचं पोर.

परवा ऐन पावसात गोव्याला जायचा बेत निघाला, तेव्हा मी घाट, दरड, डास आणि माझं पोट या क्रमानं शंका काढल्या. मुलगी म्हणाली, "पप्पा, तुम्ही ना वेट ब्लँकेट आहात." आग विझवायला ओलं कांबळं टाकतात, तसा दुसऱ्याच्या हौसेवर पडणारा माणूस, असा त्याचा अर्थ निघाला. म्हणजे मराठीत मी स्वतः काही करत नाही आणि इंग्रजीत दुसऱ्याला करू देत नाही.

दोन्ही भाषांत ओला.

खरं घोंगडं मात्र माळ्यावर कोरडं होतं. आजोबांनी पट्टणकोडोलीच्या यात्रेत घेतलेलं, दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीचं, सणगरांनी खड्ड्याच्या मागावर विणलेलं, ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेलं. "उन्हात टाक त्ये, धुवू नगोस," असं आई चैत्रापासून सांगत होती. मी ते आषाढात मनावर घेतलं. ऊन नव्हतं, म्हणून धुतलं. सौ. माहेरी, आई दुपारची आडवी झालेली, आणि घरात साक्षीदार नसला की मी फार कर्तबगार होतो. घोंगडं कोंबलं, साबणाचा अर्धा पुडा ओतला, गरम पाण्याचं बटण दाबलं आणि चहा घेऊन बसलो. लोकरीच्या तंतूंना बारीक खवले असतात आणि गरम पाण्यात घुसळले की ते एकमेकांत गच्च अडकतात, हे मला नंतर कळलं. तोवर काचेमागे खळीचं पिठलं रटरटत होतं आणि मशीन धडधडत, पाइप ओढत, बाथरूमच्या उंबऱ्यापर्यंत चालत आलं. तिथं एक आचका दिला.

मग गप्प.

मेकॅनिक पोरगा आला, झाकण उघडून वास घेतला. "काका, मेंढरू धुतलासा काय?" म्हटलं, "मेंढरू नाही रे, त्याचं वरचं."

ओल्या घोंगड्याचं वजन ज्यानं उचललंय त्यालाच ठाऊक. गॅलरीतली दोरी तुटली, म्हणून ते हॉलमध्ये दोन खुर्च्यांवर आडवं घातलं, खाली पातेली मांडली, पंखा पाचवर. त्या आठवड्यात अख्खा बावडा राजाराम बंधाऱ्यावर डोळे लावून होता, कारण पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा पातळी, 43 वर धोका, हे इथं शेंबड्या पोरालाही पाठ. शेजारचे काका तीच खबर द्यायला आले आणि दारातच विजार वर ओढून उभे राहिले. "बंधाऱ्यावर अजून वेळ हाय," ते म्हणाले, "पण तुम्ही इशारा पातळी ओलांडलासा."

सौ. माहेरून आली. खुर्च्या बघितल्या, पातेली बघितली, उंबऱ्यातलं मशीन बघितलं आणि काहीच बोलली नाही.

ती धोका पातळी.

गौरी-गणपतीच्या सुमारास घोंगडं एकदाचं वाळलं. अंगावर घ्यायचं होतं ते आटून पाटाएवढं झालं. आई खूश आहे, जपाला आसन मिळालं म्हणते. मशीनचा पार्ट मात्र बाहेरून यायचाय आणि मेकॅनिकला फोन केला की तो म्हणतो, "बघूया की काका, गडबड काय हाय?" पोरगं मला आपल्यातलंच वाटतं. सध्या कपडे मी हातानं धुतो, गळक्या नळाखाली.