चाळिशी 'सोडवणाऱ्या' चष्मेवाल्या शेठना खुले पत्र

माननीय शेठ,


दुकानावर 'कॉम्प्युटरवर मोफत डोळे तपासणी' अशी ठसठशीत पाटी लावून तुम्ही जी समाजसेवा चालवली आहे, तिचा पुरेपूर लाभ आमच्या काकांना झाला. दिवाळीला त्यांना लांबचं दिसेना. तुम्ही नंबर काढलात. संक्रांतीला तो चष्मा चालेना. तुम्ही नवा नंबर काढलात. पाडव्याला पुन्हा तेच, शिवाय एकावर एक फ्री! मध्यंतरी काकांना बिनचष्म्याचा पेपर वाचता येऊ लागला, तेव्हा "चाळिशी सुटली की तुमची!" म्हणत तुम्ही हक्कानं पेढेही खाल्लेत. काकांनीही दोन खाल्ले.

शेठ, साठीतल्या माणसाची चाळिशी पुण्याईनं सुटत नाही. त्यामागे बहुधा मोतीबिंदू तरी असतो, नाहीतर साखर. रक्तातली साखर चढली की डोळ्यातलं भिंग पाणी धरून फुगतं आणि नंबर मायनसकडे सरकतो. औषधानं साखर उतरली की तो प्लसकडे फिरतो. म्हणूनच साखर काही आठवडे स्थिर राहिल्याशिवाय नवा चष्मा करू नका, असं नेत्रतज्ज्ञ सांगतात. असला गल्लाबुडवा सल्ला तुम्ही कसा देणार म्हणा!

अखेर काकूंनी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी आधी विचारलं, "रात्री लघवीला किती वेळा उठता?" काका चक्रावले, आलो डोळ्यांसाठी आणि चौकशी भलतीच! त्या एका प्रश्नानंतर रक्त तपासलं गेलं आणि मधुमेह सापडला. तुमच्याकडे एवढ्या फ्रेमी निघाल्या, तेवढा प्रश्न काही निघाला नाही.

तुमच्या यंत्राला दोष नाही. ते नंबर काढतं. डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या फुगून गळू लागल्यात का, हे पाहणं त्याचं कामच नव्हे. त्यासाठी सहसा थेंब घालून, बाहुली मोठी करून पडदा बघावा लागतो. त्यानंतर काही तास जवळचं धूसर दिसतं. अशा गिऱ्हाइकाला काउंटरवरची नवी फ्रेम कशी आवडणार? तुमची अडचण रास्तच आहे.

पण "शेवटची ओळ वाचता येते ना? मग डोळे फर्स्ट क्लास!" हे प्रमाणपत्र वाटणं तेवढं थांबवा. मधुमेहानं पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांना होणारी ही इजा, म्हणजे डायबेटिक रेटिनोपॅथी, सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही, नजरही कमी करत नाही. रक्तस्राव होऊन डोळ्यांपुढे काळी जाळी तरंगू लागते, तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी सुमारे १२.५ टक्के लोकांना ही रेटिनोपॅथी आढळली, म्हणजे आठांत एकाला. लेसर आणि डोळ्यातली इंजेक्शनं वेळेत मिळाली तर दृष्टी बहुतेकदा टिकते. गेलेली परत येईलच असं नाही.

तेव्हा पुढचं गिऱ्हाईक सारखा नंबर बदलतोय म्हणून आलं, तर "शुगर तपासली का?" एवढं विचारा. धंदा बुडणार नाही.

आपला,
एका गिऱ्हाइकाचा पुतण्या

ता. क. वाचकांसाठी : टाइप २ मधुमेहाचं निदान झालं की लगेच, टाइप १ असेल तर पाच वर्षांच्या आत, आणि मधुमेही स्त्री गरोदर राहिली तर पहिल्या तिमाहीतच डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. पुढे डॉक्टर सांगतील तसं, साधारणपणे दरवर्षी. दिसायला सगळं छान दिसत असलं तरीही.