नव्या पिक्चरवर मत कसं द्यावं: जोयडा तालुक्यातील नवशिक्यांसाठी

पुण्या-मुंबईकडे पिक्चरवर मत द्यायला आता फारसं कसब लागत नाही. रिक्षा करायची, अडीच तास गारव्यात बसायचं आणि जिना उतरता उतरता मोबाइलवर साडेतीन तारे ठोकून मोकळं व्हायचं. जोयड्यात हे जमत नाही. जिना उतरलात तरी घर अजून अर्ध्या दिवसावर असतं, वाटेत नेटवर्क नसतं, आणि गावात पोचाल तेव्हा तुमच्या मताची वाट बघत चार माणसं बाकावर बसलेली असतात. ताऱ्यांशी त्यांना कर्तव्य नाही. त्यांना हिशेब हवा असतो.

म्हणून ही मार्गदर्शिका. आजवर ज्यांनी फक्त ऐकून घेतलं आणि आता ज्यांच्यावर बोलायची पाळी आली आहे, अशांसाठी ती आहे: नवे जावई, बदली होऊन आलेले मास्तर, दांडेलीला कॉलेजात जाऊ लागलेली पोरं, आणि होमस्टेवाले, ज्यांना बेंगळुरूच्या पाहुण्यांशी जेवताना काहीतरी बोलणं भाग असतं.

सुरुवात बसपासून करावी

मोठा पडदा बघायचा तर आमच्याकडचा माणूस रामनगर, लोंढा, खानापूर करत बेळगावला जातो, नाहीतर हुबळीला, नाहीतर अनमोडचा घाट उतरून गोव्याला. त्यामुळे मत पिक्चरच्या नावापासून सुरू होत नाही, गाडीपासून होतं. नमुना असा:

"कसा काय रे पिक्चर?"

"सकाळच्या गाडीला गेलो काका. खानापुरापर्यंत उभा."

"मग?"

"मग काय, बेळगावात उतरलो तर हा पाऊस."

हिरो तिसऱ्या प्रश्नाला येतो. नवशिके पहिल्याच वाक्यात दिग्दर्शकाचं नाव घेतात आणि तिथेच पडतात. ऐकणाऱ्याला आधी गाडी, मग तिकीट, मग जेवण कळलं पाहिजे. तेवढं समजलं की पिक्चर बघावा की नाही हे तो स्वतःच ठरवतो. कथा सांगितलीत तर वर नफा.

तिकिटाचा विषय निघाला की जरा सावरून बसावं, कारण त्यात राज्यशास्त्र आहे. कर्नाटक सरकारने 2025च्या सप्टेंबरात तिकिटाला 200 रुपयांची मर्यादा घातली आणि त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. म्हणजे स्वस्त तिकिटाची बातमी बाकावर पोचली आणि मर्यादा मागे फिरली. ज्याला पिक्चरबद्दल काहीच सुचत नाही, त्याने हा मुद्दा काढावा. अर्धा तास सहज निघतो.

बायकांचा हिशेब वेगळा. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत राज्याच्या साध्या सरकारी बसमधून त्यांचा प्रवास फुकट झाला आणि 30 जूनला केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' आला. पडद्यावर सहा बहिणी आणि मंगळागौर, बसमध्ये भाडं शून्य. हा योग कोणत्या पंचांगात लिहिला होता कोण जाणे, पण समीक्षेवर त्याचा परिणाम झाला, असं माझं मत आहे. भाडं भरून गेलेला पुरुष पिक्चर पडला तरी "बरा होता" म्हणतो, कारण पैसे वाया गेले हे कबूल करणं त्याला जड जातं. फुकट गेलेली बाई खरं बोलते. तेव्हा एकाच पिक्चरवर नवऱ्याचं आणि बायकोचं मत वेगळं पडलं तर वयनीचं धरावं.

बाकावर कोण बसलंय ते बघावं

हा धडा सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तो 'कांतारा'वरून शिकवणं सोयीचं पडतं. 30 सप्टेंबर 2022ला ऋषभ शेट्टीचा हा कन्नड चित्रपट आला. जंगलातलं गाव, जमीनदार, वनखात्याचा अधिकारी, हद्द आखायला आलेली माणसं आणि सगळ्यांच्या वर दैव. देशभरातल्या जाणकारांनी भूतकोला या दैवाच्या नृत्यविधीबद्दल, लोककथेबद्दल, शेवटच्या वीस मिनिटांबद्दल लिहिलं. पुढे ऋषभ शेट्टीला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. आमच्या तालुक्यात मात्र लोककथेवर फारशी चर्चा झाली नसती तरी चाललं असतं. चर्चा हद्दीवर झाली.

कारण उघड आहे. तालुक्याचा बराच भाग जंगल आणि त्यातलं पुष्कळसं काळी व्याघ्र प्रकल्पात. 2015 पर्यंत त्याचं नाव अणशी-दांडेली होतं. कुणबी माणसाची कुमरी, म्हणजे फिरती शेती, इंग्रजांच्या वनखात्याने एकोणिसाव्या शतकातच आवळत आणली. डोंगर उतरून गोव्यात गेलं की कुणबी, गावडा आणि वेळीप 2003 पासून अनुसूचित जमातींत मोजले जातात. घाटाच्या या अंगाला तीच मागणी करत माणसं म्हातारी झाली. अशा ठिकाणी पडद्यावर फॉरेस्टचा माणूस झाडाला खूण करतो तेव्हा प्रेक्षक अभिनय बघत नाही. खूण कुठे केली ते बघतो.

म्हणून नवशिक्याने तोंड उघडण्याआधी बाकाची पाहणी करावी. फॉरेस्ट गार्ड बसलेला असेल तर "छायाचित्रण छान" म्हणावं. आजोबा बसले असतील तर म्हणायचं काही नाही, ऐकायचं. होमस्टेवाला असेल तर "असं काही आपल्याकडे दाखवलं तर गिऱ्हाईक वाढेल" एवढंच बोलावं, त्याला पुरतं. आणि तिघेही एकाच बाकावर असतील, तसे ते बहुतेक वेळा असतातच, कारण टपरी एक आणि तिघांनाही चहा लागतो, तर दैवाबद्दल बोलावं. दैवावर सगळ्यांचं एकमत आहे.

सुपाचं नाव काढू नये, असाही एक पोटनियम आहे. ज्यात गाव पाण्याखाली जातं असा कोणताही पिक्चर बघून आलात तर "रडू आलं" म्हणून थांबावं. काळी नदीवरच्या धरणात आमचं सुपा गाव गेलं, तालुक्याची कचेरी जोयड्याला आली, कित्येक घरं उठून रामनगरला वसली. त्या बाकावर बसलेल्या माणसाला पटकथा सांगायला तुम्ही कोण?

तज्ज्ञ व्हायचं ते आपल्या विषयात

शहरातला समीक्षक सगळ्यावर बोलतो. जोयड्याच्या माणसाने दोनच गोष्टींवर बोलावं, जंगल आणि रेल्वे, आणि तिथे कोणाच्या बापाचं ऐकू नये.

जंगलाचं उदाहरण लहान आहे. हॉलिवुडवाल्यांनी टारझनच्या जुन्या चित्रपटांत आफ्रिकेच्या रानात ऑस्ट्रेलियाचा कुकाबरा पक्षी ओरडायला लावला, तो कित्येक वर्षं ओरडत राहिला आणि कोणी हरकत घेतली नाही. आपल्याकडे हरकत घ्यावी. पिक्चरमधल्या सह्याद्रीत भलताच पक्षी बोलला, मे महिन्यात धबधबा भरून वाहिला किंवा वाघ दिवसाढवळ्या बारा वेळा डरकाळी फोडून निघून गेला, तर सरळ गुण कापावेत.

रेल्वेचं उदाहरण मोठं आहे आणि ते प्रत्येक नवशिक्याला पाठ असलंच पाहिजे: 'चेन्नई एक्स्प्रेस', ऑगस्ट 2013. कॅसलरॉक स्टेशन आमच्या तालुक्यातलं. तिथून गाडी ब्रागांझा घाट उतरते, दूधसागरच्या धबधब्यासमोरच्या पुलावरून जाते आणि गोव्यात कुळ्याला पोचते. चढ 37 फुटांना एक फूट, म्हणून मागून इंजिनं लावावी लागतात. आता पिक्चरकडे या. हिरो मुंबईहून चेन्नईच्या गाडीत बसतो. ती गाडी खरी पुणे, सोलापूर, गुंतकल करत जाते, दूधसागरच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. पडद्यावर मात्र ती थेट धबधब्यापाशी येऊन थांबते आणि हिरोला तिथे उतरवून तमिळनाडूतल्या गावात नेतात. ते गाव कुठे उभं केलं होतं? वाईला.

इथपर्यंत चूक कोणीही काढेल. कॅसलरॉककडच्या माणसाची हरकत पुढची आहे. त्या हिरोला मुळात गोव्यालाच जायचं असतं! आजोबांच्या अस्थी रामेश्वरला नेतो असं आजीला सांगून तो मित्रांबरोबर गोव्याला निघालेला असतो. दूधसागर गोव्यात आहे. म्हणजे गोव्याला निघालेला माणूस गोव्यात उतरला, आणि उरलेला पिक्चरभर त्याला ते कोणी सांगितलं नाही. कुळ्याला एखादा हमाल भेटला असता तरी पिक्चर अर्ध्यावर आटोपला असता. याला म्हणतात समीक्षा. हे ज्याला सुचतं, त्याला बाकावर कायमची जागा मिळते.

न बघता मत देणं

याबद्दल लोकांना उगाच अपराधी वाटतं. वाटू नये, शहरवाले हेच करतात. 'छावा' 14 फेब्रुवारी 2025ला प्रदर्शित झाला, पण त्यावरचा वाद जानेवारीतच पेटला होता: ट्रेलरमध्ये संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले, हरकती आल्या, आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी तो भाग काढला. ज्या पिक्चरवर एवढं मत देऊन झालं, तो तोवर कोणी पाहिलेला नव्हता. तेव्हा ट्रेलर दोनदा पाहिला असेल तर बेधडक बोलावं. एकदाच पाहिला असेल तर "असं ऐकतोय" हे शब्द लावावेत.

याच पिक्चरमुळे एक गैरसमजही दूर झाला. शेवट सांगू नये असं म्हणतात. 'छावा'चा शेवट 11 मार्च 1689ला झाला आहे आणि चौथीच्या पोरालाही ठाऊक आहे, तरी माणसं रडत बाहेर आली. उलट आमच्याकडे शेवट आधी सांगावाच लागतो. शेवटची बस चुकवून बघण्यासारखा आहे का, हे कळायला नको?

मोबाइलवर चोरीची प्रत बघून मत देणारे मात्र ओळखायला शिका. त्यांच्या सांगण्यात पात्रं जास्त असतात. "मध्येच एक काळा माणूस उठून डावीकडे गेला, त्याचं पुढे काय झालं कळलं नाही" असं कोणी म्हणालं, तर तो माणूस कथेतला नव्हे, पुढच्या रांगेतला. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या 2023च्या दुरुस्तीनंतर चोरून चित्रीकरण करणाऱ्याला किमान तीन महिने कैद आणि तीन लाख दंड आहे. बघून मत देणाऱ्याला बाकावर फक्त हसतात.

काही किरकोळ सूचना

भाषा कळली नाही तरी अडत नाही. घरात कोंकणी, शाळेत कन्नड, भजनात आणि जत्रेच्या नाटकात मराठी, पडद्यावर हिंदी, हे आमचं रोजचं आहे. 1862 ते 1956 आमचा उत्तर कन्नड जिल्हा मुंबईकडे होता, त्याची ही देणगी. त्यात कन्नड चित्रव्यवसायाने 1960च्या दशकापासून डबिंगला मज्जाव केला होता, कायद्यात नसलेला पण कडक. 2015 मध्ये स्पर्धा आयोगाने त्याच्यावर ताशेरे ओढले. तोवर दोन पिढ्या न कळणारे संवाद ऐकत पिक्चर समजून घ्यायला शिकल्या होत्या. आता सगळं कळतं, आणि काही पिक्चरांच्या बाबतीत ते बरं झालं असं म्हणवत नाही.

"पूर्वार्ध पकड घेतो, उत्तरार्ध रेंगाळतो" हे वाक्य वापरू नये. ते सगळ्या पिक्चरांना लागतं आणि बहुतेक लग्नांनाही.

नोव्हेंबरात पणजीच्या इफ्फीला जाऊन आलेला एखादा भेटला तर त्याला दोन दिवस बोलू द्यावं. महोत्सव 2004 पासून तिथे भरतो, त्यामुळे हा दरवर्षीचा ताप आहे. तो आपोआप उतरतो.

निर्मात्यांना तुमच्या मताची भीती वाटते, हेही लक्षात असू द्या. तमिळ निर्मात्यांनी 2024 मध्ये पहिले तीन दिवस परीक्षणांवर बंदी मागितली होती; मद्रास उच्च न्यायालयाने ती दिली नाही. जोयड्याला त्याची गरजही नव्हती. इथे मत पोचायलाच चार दिवस लागतात.

आता कामाचं. या शनिवारी कोणी बेळगावला जाणार असेल तर टपरीवर सांगून जावं. तिघांनी एकच पिक्चर बघून तीन मतं आणण्यापेक्षा तीन पिक्चर वाटून घ्यावेत. आणि इंटरवलनंतर झोप लागली असेल तर तसं स्पष्ट सांगावं. पुढे जाणारा निदान उशी घेऊन जाईल.