फर्ग्युसनलाही वेळ लागला होता

तुम्हाला म्हणून सांगतो, मला फुटबॉलमधलं फारसं कळत नाही. ऑफसाईड मला अजूनही रिप्लेमध्ये, तोसुद्धा समालोचकानं दोनदा समजावल्यावरच दिसतो, आणि शाळेत मला कायम गोलकीपर करत, कारण तिथे मी आपल्याच माणसांच्या पायात कमी यायचो. तरीही डोंबिवलीतल्या आमच्या गल्लीत मँचेस्टर युनायटेडचा सगळ्यात सोशिक समर्थक कोण, असं विचारलंत तर लोक माझ्याच दाराकडे बोट दाखवतील. सोशिक हा शब्द माझा. बायको वेगळा वापरते.

या सोशिकपणाचं मूळ आहे २६ मे १९९९च्या रात्रीत. बार्सिलोनात चॅम्पियन्स लीगची फायनल, समोर बायर्न म्युनिक, आपण सुरुवातीपासूनच एका गोलनं मागे, इकडे रात्रीचे दोन वाजत आलेले, सकाळी सात बावन्नची लोकल पकडायची, तेव्हा नव्वद मिनिटं भरता भरता ‘संपलं सगळं’ म्हणत मी टीव्ही बंद केला आणि चादर ओढली. मी कूस बदलत होतो तेवढ्यात शेरिंगहॅम आणि सोल्शार यांनी भरपाईच्या वेळेत दोन गोल मारून कप जिंकला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पैज हरल्याबद्दल मी एका सहकाऱ्याला मिसळ खिलवली, वर जादा तर्री मागवली, त्यानं ती शांतपणे संपवली, ताक प्यायला, मिशा पुसल्या. मग निकाल सांगितला.

तेव्हापासून शेवटची शिट्टी वाजल्याखेरीज मी मॅच बंद करत नाही. या नियमाची खरी कसोटी २०१३ नंतर सुरू झाली.

त्या साली सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन निवृत्त झाले. क्लबचं विसावं लीग विजेतेपद पदरात टाकून गेले, त्यातली तेरा त्यांच्या एकट्याच्या कारकिर्दीतली. निरोपाच्या भाषणात त्यांनी ओल्ड ट्रॅफर्डच्या प्रेक्षकांना बजावलं की, नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभं राहणं हे आता तुमचं काम. मैदान खच्चून भरलेलं होतं, पण मला वाटलं, ते माझ्याकडेच बघून बोलतायत. आणि माझ्याकडे पुरावाही होता. खुद्द फर्ग्युसन १९८६च्या नोव्हेंबरात आले, तर पहिला चषक मिळायला १९९०चा मे उजाडला. मधे १९८९च्या डिसेंबरात एका वैतागलेल्या प्रेक्षकानं, तीन वर्षं झाली, नुसत्या सबबी, आता निघा, अशा अर्थाचा फलक स्टेडियममध्ये फडकवला होता. लीग तर १९९३ साली आली, तीही सव्वीस वर्षांनी. पुढची वीस वर्षं त्या फलकवाल्यानं चारचौघांत तोंड कसं दाखवलं असेल, या विचारानं माझ्या अंगावर काटा येतो. आपलं तसं व्हायला नको म्हणून मी एक वाक्य पाठ करून टाकलं : फर्ग्युसनलाही वेळ लागला होता.

डेव्हिड मॉयस यांच्याशी सहा वर्षांचा करार झाला, तेव्हा मी घरी जाहीर केलं की २०१९पर्यंत काळजी नाही. ते दहा महिन्यांत गेले. लुई व्हान हाल यांनी २०१६चा एफए कप जिंकला आणि दोन दिवसांत हातात नारळ आला. मग मोरिन्यो आले आणि पॉल पोग्बाला आठ कोटी नव्वद लाख पौंड मोजून आणलं. हा पोग्बा चार वर्षांपूर्वी याच क्लबातून फुकटात गेला होता, हे मी उत्साहाच्या भरात बायकोला सांगून बसलो. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “आणि तेव्हा फुकट जाऊ कुणी दिला?”

फर्ग्युसन यांनी. मी पाणी प्यायला आत गेलो.

पुढे सोल्शार, मग टेन हाग, मग अमोरिम. दर वेळी मी नव्यानं हिशेब मांडायचो. दुसऱ्या वर्षी फर्ग्युसन कुठे होते, तिसऱ्या वर्षी कुठे होते, म्हणजे आपण अजून वेळापत्रकाच्या पुढेच आहोत. लिव्हरपूलनं २०२३च्या मार्चमध्ये सात-शून्य धुतलं त्या रात्रीसुद्धा मी आकडेमोड करून आपण पुढे असल्याचं सिद्ध केलं होतं. कॅल्क्युलेटर मुलाचा होता. त्यानं दुसऱ्या दिवशी तो परत मागून घेतला, आणि त्याच उन्हाळ्यात मँचेस्टर सिटीनं तिन्ही मोठे चषक जिंकल्यावर त्यांची आकाशी जर्सीही मागितली. मी म्हटलं, “अरे, त्यांचे लोक १९९९च्या सुमाराला तिसऱ्या पायरीवरच्या लीगमध्ये टीम बघायला जात होते, तुला काय कळणार धीर म्हणजे!” तो म्हणाला, “म्हणूनच, बाबा. त्यांचं काम झालं.” जर्सी मीच आणून दिली. दोन साइझ मोठी आली.

खरं तर ‘फर्ग्युसनलाही वेळ लागला होता’ या वाक्याचा घरातला वापर आधी मीच सुरू केला. नळाचं वायसर बदलायला बसलो आणि स्वयंपाकघरात घोटाभर पाणी झालं, तेव्हा म्हटलं. डॉक्टरांनी वजन सांगितलं, तेव्हाही म्हटलं. हल्ली ते माझ्या हातातून निसटलंय. दहावीच्या सराव परीक्षेत गणिताला कसेबसे काठावरचे मार्क पडले, तेव्हा चिरंजीवांनी प्रगतिपुस्तक पुढे केलं आणि माझ्या डोळ्यांत बघून अत्यंत गंभीरपणे फर्ग्युसन यांचं नाव घेतलं. मला सही करावी लागली.

बायकोला या क्लबाबद्दल आपुलकी वाटल्याचा प्रसंग एकच. २०२४च्या मेमध्ये आर्सेनलकडून हरल्यावर मँचेस्टरला धो धो पाऊस झाला आणि ओल्ड ट्रॅफर्डच्या छपरातून प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर धबधबा कोसळताना टीव्हीवर दिसला. ती हातातलं काम टाकून बघत राहिली. “अय्या, यांचंही गळतं?” तिला आमच्या इमारतीची गच्ची आठवली असणार. तशी युनायटेडची ही उभारणी म्हणजे हुबेहूब आमच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंटच आहे : बिल्डर बदलतो, नवा नकाशा येतो, पेढे वाटले जातात, कुणीतरी कोर्टाची भाषा करतं, आणि पावसाळा लागला की सगळे मुकाट्यानं ताडपत्री शोधतात. या कामासाठी नेमलेला सेक्रेटरी मीच. ज्या सभेत निवड झाली तिच्या आदल्या रात्री मॅच होती, नाव पुकारलं तेव्हा मला डुलकी लागली आणि मान खाली गेली. लोक त्याला होकार समजले.

आता २०२५च्या गणपतीतलं ऐका. २०२४-२५च्या हंगामात आपण लीगमध्ये पंधरावे आलो होतो, तरी नव्या हंगामात मी नव्यानं हिशेब मांडला होता. आणि नेमकं २७ ऑगस्टला, चतुर्थीच्या दिवशी, लीग कपमध्ये ग्रिम्स्बी टाऊनशी सामना आला, आपल्या घड्याळात रात्री साडेबाराला. ग्रिम्स्बी चौथ्या पायरीच्या लीगमधला संघ. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती, टीव्हीच्या पुढ्यात मखर. तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, तुम्ही दमलात, झोपा, समईतल्या तेलाकडे मी बघतो. आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. बायकोनं नुसतंच बघितलं.

मोदकांच्या डब्याला मोबाईल टेकवला आणि आवाज बंद केला. ग्रिम्स्बी हे मासळीचं बंदर, त्यामुळे तिथले प्रेक्षक हवा भरलेले मोठाले हॅडॉक मासे हातात घेऊन नाचतात. घरात बाप्पा, पुढे दुर्वा, पंचखाद्य, आणि नैवेद्याच्या डब्यासमोर हे मासे. मी मोबाईल जरा तिरका केला. अर्ध्या तासात आपण दोन-शून्यनं मागे. पाऊस पडत होता आणि अमोरिम फळ्यावरच्या चुंबकी सोंगट्या पुन्हा पुन्हा इकडच्या तिकडे सरकवत होते. पंच्याहत्तराव्या मिनिटाला एम्ब्यूमोनं एक फेडला. एकोणनव्वदाव्या मिनिटाला मॅग्वायरनं डोक्यानं दुसरा मारला आणि माझ्या तोंडून ‘गो’ बाहेर पडलाही, पण आतल्या खोलीत दिवा लागल्याचं दिसलं, म्हणून तो तसाच वळवून मी सवादोन वाजता, पूर्ण ताकदीनं, ‘गणपती बाप्पा!’ असं ओरडलो.

आतून आई झोपेतच म्हणाली, “मोरया.”

मग पेनल्ट्या. कुन्याची पाचवी आत गेली असती तर तिथेच जिंकलो असतो. अडवली. पुढे अकराच्या अकरा जणांच्या, गोलकीपरांसकट, मारून झाल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. अमोरिम यांना बघवेना, ते डगआऊटमध्ये खाली बसून राहिले. मलाही बघवत नव्हतं, पण मी १९९९ सालीच बांधला गेलेला माणूस. हात आपोआप डब्याकडे जात होता. एकूण सव्वीस पेनल्ट्या झाल्या, शेवटची एम्ब्यूमोची आडव्या दांड्यावर आदळली, बारा-अकरानं ग्रिम्स्बी जिंकलं. मी मान वर केली तेव्हा समई विझलेली होती आणि डब्यात एकच मोदक होता. तो फुटलेला होता.

सकाळी उत्तरपूजेआधी बायको पुन्हा उकड काढायला बसली. एकही शब्द बोलली नाही, त्यामुळे काय बोलली असती ते मला सविस्तर कळलं.

आमची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबर संपायच्या आत घ्यावीच लागते. त्या दिवशी लोक तापलेले होते. तळमजल्यावरच्या आजींच्या छताचा पोपडा आमटीत पडला होता, तो त्या कागदात बांधून पुरावा म्हणून घेऊन आल्या होत्या. बिल्डरनं पुन्हा मुदत मागितली होती आणि ते सांगायचं काम माझ्याकडे होतं. मी उभा राहिलो, घसा खाकरला, आणि काय बोलावं हे न सुचल्यामुळे सवयीनं जे तोंडात होतं ते बाहेर पडलं. “मंडळी, धीर धरा. फर्ग्युसनलाही साडेतीन वर्षं लागली होती. पण त्यानंतर बघा, सव्वीस वर्षांच्या कारकिर्दीत अडतीस!”

सभा एकदम शांत झाली. दुसऱ्या मजल्यावरचे काका, ज्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही आणि उजव्यानं हवं तेवढंच येतं, सावकाश उभे राहिले.

“अडतीस पुऱ्या केल्या त्यानं? मग इतकी वर्षं झोपला होतात काय? त्याचंच कोटेशन मागवा की!”

टाळ्या पडल्या. आजींनी अनुमोदन दिलं. इतिवृत्त मीच लिहितो, त्यामुळे ठराव माझ्याच अक्षरात आहे : श्री. फर्ग्युसन यांच्याशी संपर्क साधून पुढील सभेपूर्वी दरपत्रक मागवण्याची जबाबदारी सेक्रेटरी यांच्यावर सोपवण्यात येत आहे. सर्वानुमते मंजूर.