सहा वर्षांत सह्याद्री

सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून तयार झाला. त्याला कुठे नोंदणी करावी लागली नाही. त्याच्यावर भूविज्ञानात पीएचडी करणाऱ्याचं तसं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार किमान तीन वर्षं, कमाल सहा. पुन्हा नोंदणी केली तर आणखी दोन. शिवाय कोर्सवर्क आणि दर सहामाहीला सल्लागार समितीपुढे हजेरी. दगडात सहा महिन्यांत काय प्रगती होणार, असं तिथे विचारायचं नसतं. स्लाइड दाखवायची असते.

खरा घाम वेगळाच. घाटात हातोडा घेऊन नमुने फोडायचे (‘सोनं लागलं का हो?’ हा प्रश्न ठरलेला), मग एकेक चकती काचेवर चिकटवून 0.03 मिलिमीटरपर्यंत घासायची. हात जरा जड पडला की दगड गायब, काच शिल्लक. पुन्हा पहिल्यापासून.

एवढं करून प्रबंधाची वाङ्मयचौर्य तपासणी. दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य खपतं. म्हणून सह्याद्रीच्या बेसाल्टमधली तीच ती खनिजं, तोच प्लेजिओक्लेज आणि तोच पायरॉक्सिन, दर प्रबंधात नव्या विशेषणांसह उपस्थित असतात.